एका लॅपटॉपवर दोन जावा

प्रश्न : स. न. वि. वि. मी ऐरोलीला राहते. मुलीच्या शाळेपायी सोडलेली नोकरी पुन्हा धरायची म्हणून सध्या ठाण्यात, नौपाड्यातील एका वर्गात जावा शिकत आहे. घरचा लॅपटॉप जुना आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर भाच्याने त्याच्याजवळच्या पेनड्राइव्हवरून उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती बसवून दिली. मी आधी ‘डिफॉल्ट-जेआरई’ हे पॅकेज टाकले. जावा चालू झाला, पण ‘जावासी’ ही प्रोग्राम कंपाइल करणारी, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोग्या फाइलीत बदलणारी, कमांड सापडत नाही असे उत्तर आले. मग जावा २१ ची मोठी फाइल उतरवून ती डाउनलोड्समध्येच उघडली आणि ऐकलेल्या सूचनेप्रमाणे ‘.बॅशआरसी’ या फाइलच्या शेवटी पाथची एक ओळ घातली. आता प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवायला गेले की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येतो आणि त्यात ६५ व ५५ असे आकडे दिसतात. पुढे सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पाहिले तर जावासी पुन्हा सापडेनासा होतो. शेजारच्या मुलाने ती ओळ ‘नीट’ केली, तेव्हा फायलींची यादी दाखवणारे साधे ‘एलएस’सुद्धा चालेना, ती त्यानेच कशीबशी पूर्ववत केली. त्याचे म्हणणे, सगळे फॉरमॅट मारून पहिल्यापासून बसवा. वर्गातील सर म्हणतात, पुन्हा विंडोजच घ्या. मी काय करावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. फॉरमॅट करू नका. तुमच्या लॅपटॉपवर बिघडलेले असे काहीच नाही. जावा बसला आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्त बसला आहे : पॅकेजमधून आलेला जावा ११ आणि डाउनलोड्समध्ये उघडलेला जावा २१ असे दोन संच एकाच वेळी हजर आहेत, आणि तुमचा प्रोग्राम कंपाइल करण्याचे काम त्यांतला एक करतो, तर चालवण्याचे काम दुसरा. एररमधले ते दोन आकडे नेमके हेच सांगत आहेत. जावाचा कंपायलर प्रत्येक क्लास फाइलच्या सुरुवातीला एक क्रमांक लिहून ठेवतो, आणि जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की तो क्रमांक मिळतो. त्यामुळे जावा ८ चा क्रमांक ५२, ११ चा ५५, १७ चा ६१ आणि २१ चा ६५ होतो. म्हणजे तुमची फाइल ६५ क्रमांकाची, अर्थात जावा २१ ने तयार केलेली आहे, आणि ती चालवू पाहणारा जावा ५५ च्या पुढचे काही ओळखत नाही. जुन्या कंपायलरने तयार केलेली फाइल नवा जावा चालवतो. नव्याने तयार केलेली फाइल जुना जावा उघडूनही पाहत नाही. एररचा मजकूर लांबलचक असला, तरी कामाचे तेवढे दोन आकडे असतात आणि तुम्ही नेमके तेच पत्रात उतरवलेत, म्हणून निदान सोपे झाले.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना. या सदरात कमांड देवनागरीत छापल्या जातात. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीत घ्यावेत. अपवाद मुख्यतः दोन नावांचा, पाथ आणि जावा_होम. ही दोन्ही सर्व मोठ्या अक्षरांत लिहायची असतात. लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत काटेकोर फरक करते.

आता आधी मशीनलाच विचारून खात्री करून घ्या. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘जावा -व्हर्जन’ आणि त्यानंतर ‘जावासी -व्हर्जन’ असे टाइप करा. पहिल्याचे उत्तर ११ ने आणि दुसऱ्याचे २१ ने सुरू होणारे येईल. मग ‘टाइप -ए जावा’ द्या. तीन ओळी दिसतील : पहिली ‘/यूएसआर/बिन/जावा’, दुसरी ‘/बिन/जावा’ आणि तिसरी तुमच्या डाउनलोड्समधली. पहिल्या दोन पाहून घाबरू नका. आजच्या उबुंटूमध्ये ‘/बिन’ हे ‘/यूएसआर/बिन’चेच दुसरे नाव आहे, त्यामुळे एकच जावा दोनदा मोजला जातो. ‘टाइप -ए जावासी’ला मात्र एकच ओळ येईल, आणि ती डाउनलोड्समधली असेल.

असे का होते, याचे उत्तर पाथमध्ये आहे. पाथ म्हणजे फोल्डरांच्या पत्त्यांची, मध्ये कोलन घालून जोडलेली यादी. तुम्ही नुसते ‘जावा’ म्हणता तेव्हा टर्मिनल ही यादी डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि त्या नावाचा पहिला प्रोग्राम जिथे भेटेल तो चालवून मोकळे होते. नुसता ‘सेक्टर १०’ एवढाच पत्ता हाती आलेल्या कुरिअरवाल्याला वाशी, नेरूळ, खारघर आणि ऐरोली अशी सगळीकडे सेक्टर १० सापडतात; त्याच्या फेरीत जे आधी येईल तिथे पार्सल जाणार, तसाच हा प्रकार. तुम्ही डाउनलोड्सचा पत्ता यादीच्या शेवटी जोडलात. त्यामुळे ‘जावा’ आधी ‘/यूएसआर/बिन’मध्येच सापडला, तो ११ निघाला आणि शोध तिथेच थांबला. ‘जावासी’ मात्र तिथे नव्हताच, म्हणून टर्मिनल पुढे चालत राहिले आणि शेवटी तुमच्या डाउनलोड्सपर्यंत पोहोचले. दोन्ही शोध नियमाने झाले. फक्त ते वेगवेगळ्या दारांशी संपले.

‘/यूएसआर/बिन’मध्ये जावासी का नव्हता, हेही सांगायला हवे, कारण सगळी गाडी तिथूनच रुळावरून घसरली. जेआरई म्हणजे तयार प्रोग्राम चालवण्यापुरता संच, आणि जेडीके म्हणजे त्यात कंपायलर व इतर हत्यारे मिळून होणारा पूर्ण संच. शिकणाऱ्याला जेडीकेच लागतो. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकल कंपनीने जावा ११ पासून स्वतंत्र जेआरई देणे बंद केले, म्हणून हल्लीच्या शिकवण्यांत हा भेद कोणी फारसा सांगत नाही. उबुंटू आणि ते ज्यावर आधारलेले आहे ते डेबियन मात्र आपली पॅकेजे अजूनही या दोन भागांत वेगळी ठेवतात. शिवाय ‘डिफॉल्ट’ या शब्दामागची आवृत्ती उबुंटूच्या आवृत्तीप्रमाणे बदलते. २२.०४ वर डिफॉल्ट म्हणजे जावा ११ आणि २४.०४ वर जावा २१. वर्गातल्या सरांनी किंवा एखाद्या मैत्रिणीने २४.०४ वर हीच कमांड दिली असेल, तर त्यांना २१ मिळाला आणि तुम्हाला ११, आणि दोघींनीही शब्दशः तेच टाइप केले असेल. म्हणून शिकताना ‘डिफॉल्ट’ हे नाव टाळून आवृत्तीचा आकडा असलेले पॅकेज घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आता दुरुस्ती. दोन मार्ग आहेत. डाउनलोड्समधल्या संचाचा पत्ता यादीच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवला, तर ‘जावा’ आणि ‘जावासी’ दोन्ही तिथूनच येतील आणि तुमचा एरर आजच्या आज जाईल. तरीही मी तुम्हाला तो मार्ग सुचवणार नाही. डाउनलोड्स हे फोल्डर माणूस कधी ना कधी साफ करतोच, आणि असा हाताने बसवलेला जावा सुरक्षा दुरुस्त्या आपोआप घेत नाही. नवी फाइल उतरवून सगळे पुन्हा करावे लागते. दुसरा मार्ग उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेचा. तुमच्या २२.०४ साठीही तिथे जावा २१ उपलब्ध आहे, आणि २२.०४ ला नियमित दुरुस्त्या २०२७ पर्यंत मिळणार आहेत, म्हणजे शिक्षण पूर्ण होईपर्यंत काळजी नाही.

आधी जुनी ओळ बाजूला करा. ‘नॅनो ~/.बॅशआरसी’ असे देऊन फाइल उघडा, बाणाच्या कळीने तळाशी जा आणि तुम्ही घातलेल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला ‘#’ हे चिन्ह लिहा. ओळ पुसून टाकण्यापेक्षा हे बरे, कारण काय होते ते नंतर पाहता येते. कंट्रोल आणि ओ दाबून, एंटर देऊन साठवा, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर पडा, आणि हे टर्मिनल बंद करून नवे उघडा. नव्या टर्मिनलमध्ये जावासी ‘सापडत नाही’ असे पुन्हा दिसेल. ते अपेक्षितच आहे. त्यानंतर ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ओपनजेडीके-२१-जेडीके’ अशा दोन कमांड द्या. पहिली कमांड गाळू नका; ती पॅकेजांची यादी ताजी करते, आणि पेनड्राइव्हवरून नुकत्याच बसवलेल्या उबुंटूची यादी जुनी असल्यास ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ असे उत्तर येते. त्या उत्तरावरून पॅकेज अस्तित्वातच नाही असा समज करून घेऊन लोक भलत्या ठिकाणाहून फाइली उतरवू लागतात.

याच टप्प्यावर कधीकधी ‘कुड नॉट गेट लॉक’ अशी सूचना येते आणि तिच्यात ‘लॉक-फ्रंटएंड’ असे एका फाइलचे नाव असते. लॅपटॉप सुरू झाल्यावर उबुंटू स्वतःहून सुरक्षा अपडेट घेत असते आणि तेवढ्या वेळेपुरते पॅकेजांचे दार आतून लावून घेते, त्याची ही खूण. चहा करून या. ती लॉक फाइल पुसून टाकण्याचा सल्ला तुम्हाला सर्रास मिळेल. तो मानू नका, कारण अर्ध्यावर चाललेल्या कामात हात घातला की पॅकेजांची नोंद खरोखरच बिघडते आणि मग शेजारच्या मुलाच्या फॉरमॅटला निमित्त मिळते. मध्येच वीज गेल्यामुळे किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट तुटल्यामुळे काम अर्धवट राहिले असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यामागून ‘सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन कमांडनी ते बहुधा मार्गी लागते. इथे कॉन्फिगर आणि फिक्स यांच्या आधी दोन जोडरेघा आहेत, एक नाही.

नवे पॅकेज बसल्यावर ‘/यूएसआर/बिन/जावा’ काढून टाकला जात नाही. ती मुळातच एक खुणेची फाइल आहे आणि ती कोणत्या जावाकडे बोट दाखवते ते उबुंटू ठरवते. कोणी हाताने निवड केलेली नसेल तर वरची आवृत्ती निवडली जाते, म्हणून आता ‘जावा -व्हर्जन’ आणि ‘जावासी -व्हर्जन’ दोन्ही २१ सांगतील. जावा अजूनही ११ दाखवत असेल, तर आधी कोणीतरी हाताने निवड करून ठेवली आहे असे समजा आणि ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा’ ही कमांड द्या. क्रमांकांचा एक तक्ता येईल, त्यातला जावा २१ पुढचा क्रमांक लिहून एंटर द्या. मग हीच कमांड शेवटी ‘जावासी’ लिहून पुन्हा द्या. जावा आणि जावासी यांची निवड वेगवेगळी होते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि एकाचीच निवड बदलली की तुमचा आजचा एरर जसाच्या तसा परत उभा राहतो. जावा ११ ठेवलात तरी चालेल, तो कोणाला त्रास देत नाही. काढायचाच असेल तर काय काय निघून जाणार आहे याची यादी अ‍ॅप्ट, म्हणजे पॅकेज बसवणारी-काढणारी कमांड, आधी दाखवते. ती वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका, कारण लिब्रेऑफिसचे काही भाग जावावर अवलंबून असतात.

सगळे नीट चालले की डाउनलोड्समधले जावा २१ चे फोल्डर पुसून टाका. ते पुसल्यावर, उघड्या राहिलेल्या एखाद्या जुन्या टर्मिनलमध्ये ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर आले आणि त्यात पुसलेल्या फोल्डरचाच पत्ता दिसला, तर दचकू नका. टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचणारी बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवते आणि दर वेळी नव्याने शोधत नाही. ‘हॅश -आर’ एवढे टाइप केले की ती आठवण पुसली जाते. टर्मिनल बंद करून उघडले तरी तेच होते.

सुडोविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातली ही तक्रार वरवर वेगळी वाटली तरी तिचे मूळ त्याच यादीत आहे. सुडो तुमचा पाथ वापरत नाही. उबुंटूवर त्याला स्वतःची ठरलेली यादी दिलेली असते, आणि ती सुरक्षेसाठीच असते : तुमच्या घरच्या फोल्डरातला कोणताही ऐरागैरा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालू नये, म्हणून. त्या यादीत तुमचे डाउनलोड्स नाही, म्हणून सुडोला जावासी दिसला नाही. पॅकेजमधून बसवलेला जावा ‘/यूएसआर/बिन’मध्ये असल्याने तो सुडोलाही दिसेल, पण तुम्हाला त्याची गरजच पडू नये. स्वतःचा प्रोग्राम कंपाइल करायला प्रशासकाचे अधिकार कधीच लागत नाहीत. सुडो फक्त पॅकेज बसवताना वापरायचा. ‘परमिशन डिनाइड’ आले की सुडो लावायचे ही सवय लागली, तर तयार झालेल्या क्लास फाइली प्रशासकाच्या मालकीच्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी सुडोशिवाय कंपाइल करताना तोच एरर दुप्पट वेगाने परत येतो. तसे झालेच असेल, तर सरावाच्या फोल्डरात जाऊन ‘सुडो चोन -आर $यूझर .’ ही फायलींची मालकी बदलणारी कमांड एकदा द्या (‘चोन’चे स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन). इथे ‘आर’ आणि ‘यूझर’ही मोठ्या अक्षरांत घ्यायचे आणि शेवटचा टिंब विसरायचा नाही.

‘एलएस’ चालेनासे का झाले? पाथच्या ओळीत बरोबर चिन्हाच्या पुढे ‘$पाथ’ लिहून मग कोलन आणि नवा पत्ता लिहिला, तर जुनी यादी कायम राहून तिच्यात भर पडते. शेजारच्या मुलाने ‘$पाथ’ गाळून फक्त नवा पत्ता लिहिला असणार, म्हणजे संपूर्ण यादीच्या जागी एकच फोल्डर उरले. एलएस डिस्कवर होतेच; ते शोधायची जागा यादीतून गेली होती. अशा वेळी उबुंटू प्रामाणिकपणे सांगते की ही कमांड ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’मध्ये आहे, पण त्या जागा पाथमध्ये नाहीत. ही सूचना वाचली असती, तर त्या संध्याकाळची धावपळ टळली असती. पुन्हा असे झाल्यास ‘/यूएसआर/बिन/नॅनो ~/.बॅशआरसी’ असा पूर्ण पत्ता देऊन फाइल उघडा, ओळ दुरुस्त करा आणि नवे टर्मिनल उघडा. पूर्ण पत्ता दिला की यादीची गरजच उरत नाही.

पुढे वर्गात एक्लिप्ससारखे, प्रोग्राम लिहिण्याचे संपादक वापरायला लावतील. ते मेन्यूतून उघडले जातात आणि ‘.बॅशआरसी’ वाचत नाहीत, कारण ती फाइल फक्त टर्मिनलसाठी असते. टर्मिनलमध्ये चालते आणि संपादकात चालत नाही, या तक्रारीचे नेहमीचे कारण हे. पॅकेजच्या मार्गाने गेलात तर बहुधा ही वेळ येणार नाही. मेव्हनसारखी, मोठे जावा प्रकल्प बांधणारी हत्यारे मात्र ‘जावा_होम’ नावाची नोंद पाहतात. ती करायची झाल्यास ‘.प्रोफाइल’ या फाइलमध्ये करा आणि तिला ‘/यूएसआर/लिब/जेव्हीएम’मधले जावा २१ चे फोल्डर द्या. फोल्डरचे नेमके नाव ‘रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/जावासी’ या कमांडने कळते; उत्तरातले शेवटचे ‘/बिन/जावासी’ तेवढे सोडून द्यायचे. बदल केल्यावर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे लागते.

विंडोजकडे परत जाण्याचा सल्ला सरांनी सवयीने दिला असावा. तिथेही पाथ आहे, तिथेही दोन जावा एकत्र बसतात आणि हाच एरर याच आकड्यांसह येतो. शिवाय तुमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेलच असे नाही, तेव्हा या एका एररसाठी नवा लॅपटॉप घेण्याचे कारण मला दिसत नाही.

हे सगळे करून झाल्यावर सरावाच्या फोल्डरातल्या जुन्या क्लास फाइली पुसा, प्रोग्राम नव्याने कंपाइल करा आणि चालवताना फाइलच्या नावाऐवजी फक्त क्लासचे नाव द्या, शेवटी ‘.क्लास’ लिहिलेत तर ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ असे उत्तर येईल, आणि त्याचा इन्स्टॉलेशनशी काही संबंध नसेल. तरीही अडलेच, तर ‘जावा -व्हर्जन’, ‘जावासी -व्हर्जन’, ‘टाइप -ए जावा’, ‘टाइप -ए जावासी’ आणि ‘एको $पाथ’ या पाच कमांडची उत्तरे टर्मिनलमधून जशीच्या तशी कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, कारण त्यात कोलन आणि टिंब ओळखू येत नाहीत.